आपल्याच शेतात पाणी : एका जपानी वाक्प्रचाराचा अभ्यास

बेळगाव शहराच्या उत्तरेस वसलेले कडोली हे गाव मराठी वाचकांस विशेष परिचित आहे ते तेथे दरवर्षी भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनामुळे. उचगाव, येळ्ळूर इत्यादी गावांप्रमाणेच येथेही ग्रंथदिंडी निघते, शेतकरी कुटुंबे मांडवात बसून व्याख्याने ऐकतात आणि कवितेस दाद देतात. भाषा हा विषय या गावास नवा नाही. येथील मूल घरात मराठी बोलते, बाजारात व कचेरीत कन्नड ऐकते, शाळेत इंग्रजीचे पाठ घेते व चित्रपटांतून हिंदी उचलते. अशा मुलास एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही. ती ही की, शब्द कळले म्हणजे बोलणे कळलेच असे होत नाही. मराठीत ‘हात देणे’ म्हणजे अडचणीत साहाय्य करणे. कन्नडमध्ये ‘कै कोडु’ या शब्दांचा अर्थही ‘हात देणे’ असाच होतो; परंतु त्यातून निघणारा भाव अगदी उलट, म्हणजे ऐनवेळी दगा देण्याचा आहे. सीमाभागातील माणूस हा भेद लहानपणीच ओळखतो. नवख्या पाहुण्याची मात्र फजिती होते.

याच हाताचे जपानी भाषेत काय होते, हे पाहणे मनोरंजक आहे. ‘ते’ म्हणजे हात. ‘ते ओ कासु’ म्हणजे हात उसना देणे, अर्थात मदत करणे. येथे जपानी माणूस मराठीच्या पंक्तीस बसतो. पण ‘ते ओ किरु’, म्हणजे हात तोडणे, याचा अर्थ संबंध तोडणे असा आहे. आणि आपल्याकडे ‘हात तोडून देणे’ म्हणजे लेखी कबुली देऊन स्वतःस बांधून घेणे! एका ठिकाणी हात तोडला की माणूस सुटतो, दुसऱ्या ठिकाणी तो अडकतो.

जपानी भाषेचा हा विषय खेड्यातील वाचकांपुढे ठेवण्यास कारण आहे. महाराष्ट्रात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभागात व टिळक महाराष्ट्र विद्यापीठात या भाषेचे अध्यापन होत आले आहे. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली. आरंभी तिच्या चार पायऱ्या होत्या. २०१० पासून त्या पाच झाल्या. पाचवी पायरी सर्वांत सोपी व पहिली सर्वांत अवघड. पूर्वी ही भाषा शिकणारा विद्यार्थी प्रायः शहरातील असे व त्याची दृष्टी भाषांतराच्या अथवा कारखानदारीच्या क्षेत्राकडे असे. आता चित्र पालटले आहे. एप्रिल २०१९ पासून जपानने परदेशी कुशल कामगारांसाठी प्रवेशाची नवी व्यवस्था सुरू केली आणि जानेवारी २०२१ मध्ये भारत व जपान यांच्यात त्याविषयी सहकार्याचा करार झाला. या व्यवस्थेत शेती, वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, अन्नप्रक्रिया अशी कामे येतात, आणि भाषेची अट चौथ्या पायरीची, म्हणजे साध्या संभाषणापुरती आहे. शेतकऱ्याच्या घरातील मुलास अथवा मुलीस हा मार्ग आता दूरचा राहिलेला नाही.

अडचण येते ती यानंतर. चौथ्या पायरीच्या पाठ्यपुस्तकात नमस्कार, वेळ, पत्ता, खरेदी, प्रकृती यांची भाषा असते. वाक्प्रचार फारसे नसतात. परंतु ज्या गावात हा तरुण कामास जाईल तेथील मालक, शेजारी व सहकारी काही पाठ्यपुस्तक पाहून बोलणार नाहीत. जपानी माणूस बैठकीत उघड विरोध टाळतो असे सांगितले जाते. तो नापसंती दाखवितो ती पुष्कळदा एखाद्या घट्ट बांधलेल्या शब्दप्रयोगातून. तो प्रयोग ऐकणाऱ्यास कळला नाही, तर आपल्याला दोष दिला गेला आहे हेही त्याच्या ध्यानात येत नाही. याहून वाईट म्हणजे तो प्रयोग अर्धवट कळणे. प्रस्तुत लेखात अशा एकाच प्रयोगाचा सविस्तर विचार करावयाचा आहे. तो पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा समजला जातो. परंतु ज्याने शेतात दारे धरले आहे त्याला तो शहरातील पदवीधरापेक्षा लवकर समजेल, असे म्हणण्यास हरकत नाही.

चार अक्षरांची मोट

तो प्रयोग आहे ‘गादेन-इन्सुइ’. चिनी चित्राक्षरे चार-चारच्या जोडीने एकत्र बांधून तयार झालेल्या शब्दांचा एक मोठा वर्ग जपानी भाषेत आहे. त्यास ‘योजि-जुकुगो’, म्हणजे चार अक्षरांचे पक्व शब्द असे म्हणतात. अग्रलेखात, भाषणात व सुशिक्षितांच्या वादात ते हटकून येतात. संस्कृत सुभाषितातील एखादा चरण मराठी वक्ता जसा तोंडी फेकतो, तसाच त्यांचा डौल असतो.

यातील ‘गा’ म्हणजे मी किंवा माझे. ‘देन’ म्हणजे भाताचे शेत, खाचर. ‘इन’ म्हणजे ओढणे. ‘सुइ’ म्हणजे पाणी. माझ्या खाचरात ओढलेले पाणी!

दुसरे अक्षर ओळखण्यास सर्वांत सोपे आहे. एक चौकोन काढावा व त्याच्या आत अधिकाचे चिन्ह काढावे. बांधांनी पाडलेले चार वाफे डोळ्यांपुढे उभे राहतात. स्वतंत्रपणे वाचताना हेच अक्षर ‘ता’ असे वाचतात आणि दुसऱ्या शब्दास जोडताना ते पुष्कळदा ‘दा’ होते. कडोलीच्या रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारसायकलींवर ‘होंडा’ हे नाव असते, त्याचा अर्थ मूळचे खाचर. ‘टोयोटा’ ही मोटार ज्या घराण्याची, त्याचे आडनाव ‘तोयोदा’, म्हणजे भरघोस पिकाचे खाचर. ‘यामादा’ म्हणजे डोंगरातील शेत, ‘तानाका’ म्हणजे शेताच्या मध्यावर राहणारा. यंत्रांसाठी जगभर गाजलेल्या या देशाची आडनावे अशी चिखलणीच्या पायांनी आलेली आहेत.

तिसरे अक्षर डाव्या बाजूस धनुष्य व उजव्या बाजूस एक उभी रेघ असे आहे. धनुष्याची दोरी ओढावी तसे ओढणे. चौथ्या अक्षरात मधोमध एक उभा प्रवाह व दोन्ही बाजूंस फुटलेले फाटे दिसतात. चारही अक्षरे लहान मुलांच्या प्राथमिक शिक्षणातील आहेत. अवघड आहे ते त्यांचे एकत्र येणे.

उच्चाराविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मराठी माणसाची जीभ ‘देन’ व ‘इन’ एकत्र करून ‘गादेनिन्सुइ’ असे म्हणू पाहते, कारण व्यंजनास पुढील स्वर जोडणे हा आपला संधीचा स्वभाव. जपानीत तसे चालत नाही. ‘न्’ ही तेथे स्वतंत्र मात्रा मानली जाते. गा, दे, न्, इ, न्, सु, इ अशा सात मात्रा सारख्या लांबीने म्हणाव्यात आणि पहिल्या ‘न्’ नंतर पुढील ‘इ’ नव्याने उच्चारावी. देवनागरीचा सराव असलेल्यास हे जड जाऊ नये. जपानी मुळाक्षरांचा क्रमही आपल्यास अपरिचित नाही. आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा तो आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचलेल्या भारतीय सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम तेथील पंडितांनी बसविला. आपल्या बाराखडीचा दूरचा आप्तच म्हणावयाचा.

शब्दांची रचना पाहिली तर या चौकडीत एक गंमत आढळते. ‘इन्सुइ’ मध्ये ओढणे आधी व पाणी नंतर आले आहे, कारण हा क्रम चिनी भाषेचा आहे. याच चार अक्षरांचे शुद्ध जपानी बोलीत वाचन केले की ते ‘वागा ता नि मिझु ओ हिकु’ असे होते. ‘वागा’ म्हणजे आपल्या, ‘ता नि’ म्हणजे शेतात, ‘मिझु ओ’ म्हणजे पाणी, ‘हिकु’ म्हणजे ओढणे. आपल्या शेतात पाणी ओढणे. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे व क्रियापद वाक्याच्या शेवटी, ही दोन्ही भाषांची ठेवण एकच असल्यामुळे मराठी विद्यार्थ्यास जपानी वाक्य इंग्रजीमार्गे शिकण्याचे काही कारण नाही. दुर्दैवाने अजूनही बहुतेक पुस्तके इंग्रजीतूनच शिकवितात, आणि विद्यार्थी सरळ वाट सोडून दुप्पट चालतो.

आपल्या शेतात पाणी ओढले तर दोष कोणता?

अर्थाच्या दृष्टीने हाच या पाठाचा गाभा आहे. ‘गादेन-इन्सुइ’ हा निंदेचा शब्द आहे. कोणतीही गोष्ट, विशेषतः कोणताही युक्तिवाद, ओढूनताणून स्वतःच्या फायद्याचा करून घेणे, असा त्याचा अर्थ. मराठी शेतकऱ्यास हे प्रथम ऐकताना नवल वाटेल. आपल्या शेतात पाणी आणणे ही दख्खनच्या पठारावर निंदेची नव्हे तर अभिमानाची बाब आहे. विहीर खोदली, पाणी लागले, पाट काढून वावर भिजविले, की त्या माणसाचे नाव पंचक्रोशीत आदराने घेतले जाते. एखाद्या तरुणाने जपानातील मुलाखतीत आपल्या वडिलांच्या कर्तृत्वाचे वर्णन करताना हा शब्द कौतुकाने वापरला, तर ऐकणारे सभ्यपणे मान हलवतील व मनातून चकित होतील.

भेद पडतो तो पाण्याच्या मालकीमुळे. पठारावरील विहीर एकाची असते. भाताच्या खाचरातील पाणी एकाचे नसते. जपानातील भातशेती नदीतून अथवा तळ्यातून काढलेल्या सामाईक पाटावर चालत आली. डोंगरउतारावर खाचरे एकाखाली एक असतात आणि पाणी वरच्याकडून खालच्याकडे जाते. वरच्याने आपले दारे चार घटका अधिक उघडे ठेवले, तर खालच्याची रोपे पिवळी पडतात. रात्री उठून दुसऱ्याचा बांध फोडणे, दारे बुजविणे, त्यावरून दोन गावांत मारामाऱ्या होणे, हे जपानच्या ग्रामीण इतिहासात शतकानुशतके चालले. त्यासाठी ‘मिझु-आरासोइ’, म्हणजे पाण्याचे भांडण, असा स्वतंत्र शब्दच आहे. अशा गावात ‘माझे शेत’ आणि ‘ओढणे’ हे दोन शब्द एकत्र आले की पुढचे सांगावे लागत नव्हते.

बेळगाव तालुक्याच्या भातपट्ट्यातील वाचकास हे वेगळे समजावून देण्याची आवश्यकता नाही. धूळवाफ पेरणी झाल्यावर किंवा रोप लावण करताना वरच्या बांधावरचा व खालच्या बांधावरचा यांच्यात होणारी बोलाचाली त्याच्या परिचयाची आहे. कडोलीच्या शिवाराजवळून वाहणारी मार्कंडेय नदी पुढे घटप्रभेस मिळते व घटप्रभा कृष्णेस. त्या कृष्णेच्या पाण्याच्या वाटपासाठी बचावत लवाद बसला आणि १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी वाटून देण्यात आले. लवादापुढे प्रत्येक पक्ष आपली बाजू मांडीत असताना समोरच्या पक्षास ती ‘गादेन-इन्सुइ’ वाटली असल्यास आश्चर्य नाही. वाक्प्रचार एका खाचरातून निघाला. राज्यांनाही तो लागू पडतो.

हा दोष टाळण्यासाठी जपानी गावांनी जे उपाय शोधले ते पाहिले म्हणजे शब्दाची धार अधिक कळते. टंचाईच्या दिवसांत पाण्याच्या पाळ्या बांधून देत. त्या पद्धतीस ‘बान्सुइ’ म्हणतात. शिकोकू बेटावरील कागावा प्रांत कमी पावसाचा. तेथे दहा हजारांहून अधिक तळी आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मान्नो तलावाची दुरुस्ती इ. स. ८२१ मध्ये कूकाइ या बौद्ध आचार्यांच्या देखरेखीखाली झाली. सिद्धम् लिपीची विद्या चीनमधून जपानात आणणाऱ्यांत याच आचार्यांचे नाव अग्रगण्य आहे. या प्रांतात पाळीची वेळ मोजण्यासाठी उदबत्ती लावीत. उदबत्ती जळून संपली की एकाचे दारे बंद व दुसऱ्याचे उघडे. घड्याळ मागेपुढे करता येईल, जळलेली उदबत्ती कशी वाढविणार? पुढे १९४१ साली तोक्योजवळील कावासाकी येथे कुजि या ठिकाणी हिरागा एइजि या अभियंत्याने गोल कुंडाच्या आकाराचा पाणीवाटप बांध बांधला. पाणी कुंडाच्या मध्यातून वर येते व कडेवरून चोहोबाजूंस सारखे सांडते. ज्या कालव्याखाली जितकी जमीन, तितका कडेचा भाग त्याच्या वाट्यास. कोणास किती मिळते ते काठावर उभ्या असलेल्या कोणासही डोळ्यांनी दिसते. संशयास जागाच राहू नये, ही त्यामागील योजना.

महाराष्ट्रातही याच जातीची बुद्धी चालली आहे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर चालत आलेली फड पद्धत अभ्यासकांनी वाखाणलेली आहे. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी शेतमालकाने स्वतः न घेता गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने द्यावयाचे. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे पाणी तुटले व एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा सर्वांत वाटला जातो. ज्याच्या हाती फावडे त्याचे ते शेत नाही आणि ज्याचे शेत त्याच्या हाती फावडे नाही. ‘गादेन-इन्सुइ’ होण्यास वावच ठेवलेला नाही.

तूप आणि पाणी

या जपानी शब्दास मराठीत तोडीस तोड असा वाक्प्रचार आहे, तो म्हणजे ‘आपल्या पोळीवर तूप ओढणे’. क्रियापदसुद्धा तेच आहे. तेथे पाणी ओढले जाते, येथे तूप. रोजच्या जेवणात भाकरी खाणाऱ्या समाजात पोळी आणि तूप हा सणावाराचा योग; तूप मोजके व खाणारी तोंडे फार. सामाईक वस्तू थोडी असते तेव्हाच ओढणाऱ्याकडे इतरांचे लक्ष जाते. भरपूर असलेल्या वस्तूवरून असा वाक्प्रचार जन्मास येत नाही. जपानात खाचराचे पाणी थोडे, मराठी मुलुखात तूप थोडे. दोन्ही समाजांनी आपापल्या टंचाईतून एकाच दोषास नाव दिले.

तथापि दोन्हींची व्याप्ती अगदी एक आहे असे समजू नये. मराठी वाक्प्रचाराचा रोख बहुधा कृतीवर असतो. वाटपात, नेमणुकीत, अनुदानात आपला लाभ साधून घेणारा माणूस आपल्या पोळीवर तूप ओढतो. जपानी शब्द कृतीसही लागतो, पण त्याचा विशेष रोख बोलण्यावर व विचारपद्धतीवर आहे. आकडे तेच, घटना तीच, परंतु त्यांतून स्वतःस सोयीचा तेवढा अर्थ काढणे, ही ‘गादेन-इन्सुइ’ची खरी जागा. मराठीत त्यासाठी ‘आपलेच घोडे पुढे दामटणे’ हा प्रयोग जवळ येतो. परंतु त्यात हट्ट अधिक व स्वार्थ कमी. म्हणून भाषांतर करताना प्रसंग पाहून कधी तूप, कधी घोडे अशी निवड करावी लागते. दाते व कर्वे यांनी सिद्ध केलेल्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’चे खंड ज्या शाळेत असतील तेथील शिक्षकांनी असे जवळचे प्रयोग शोधून विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. कोशाचा याहून चांगला उपयोग क्वचितच असेल.

राजकारणात या शब्दाने एक विडंबनही जन्मास घातले. शेवटचे ‘सुइ’ (पाणी) काढून तेथे ‘तेत्सु’ (लोखंड, अर्थात लोहमार्ग) घातले की ‘गादेन-इन्तेत्सु’ होते : आपल्या मतदारसंघात रेल्वे ओढणे. हारा ताकाशि हे १९१८ ते १९२१ या काळात जपानचे पंतप्रधान होते. त्यांच्या सेइयूकाइ पक्षाने गावोगाव लोहमार्गाची आश्वासने देऊन आपले बळ वाढविले, अशी टीका तेव्हा होत असे. ईशान्य जपानातील ओफुनातो मार्ग या ओढाताणीने इतका वळसे घेत गेला की त्याच्या नकाशावरील आकारास लोकांनी नागमोडी ड्रॅगनची उपमा दिली. निवडणुकीच्या हंगामात रस्ता कोणाच्या दारावरून जावा याची चर्चा जेथे होते, तेथे हा शब्द समजावून सांगण्यास शिक्षकास फार वेळ लागणार नाही.

पाण्याच्या भांडणातून आलेला आणखी एक शब्द येथेच घेणे सोयीचे. ‘मिझुकाके-रोन’ म्हणजे एकमेकांवर पाणी उडविण्याचा वाद, अर्थात कधीच न संपणारे ‘तू तू मी मी’. क्योगेन या जुन्या जपानी प्रहसनप्रकारात सासरा व जावई यांचे एक प्रहसन आहे. दुष्काळात दोघांची शेजारची खाचरे. एक जण पाणी वळवून जातो, दुसरा येऊन परत वळवितो. शेवटी समोरासमोर गाठ पडते, आधी पाणी व मग चिखल उडतो. मुलगी धावत येते, क्षणभर घोटाळते आणि नवऱ्याची बाजू घेऊन बापासच पाडते. या शब्दाचे मूळ त्या प्रहसनात असावे असा एक समज आहे. तमाशातील वगास शोभेल असा हा प्रसंग आहे, हे वेगळे सांगावयास नको.

वापरावा कसा?

व्याकरणदृष्ट्या हा शब्द प्रायः नामासारखा वापरतात. ‘सोरे वा गादेन-इन्सुइ नो रिकुत्सु दा’ म्हणजे ‘हे आपल्याच पोळीवर तूप ओढणारे तर्कट आहे’. हे वाक्य समजण्यासाठी आहे, बोलण्यासाठी नव्हे. वडीलधाऱ्या माणसास किंवा मालकास तोंडावर असे म्हणणे हा मोठा अपमान ठरेल. तिऱ्हाइताविषयी, वृत्तपत्रातील लेखाविषयी अथवा सरकारी धोरणाविषयी बोलताना ते चालते.

शिकणाऱ्याने स्वतः वापरावा असा प्रयोग निराळा आहे. ‘गादेन-इन्सुइ नि नारिमासु गा...’ म्हणजे ‘हे बोलणे माझ्याच सोयीचे वाटेल, परंतु...’ अशी प्रस्तावना करून मग आपली मागणी किंवा आपल्या कामाची चांगली बाजू मांडावी. दोष आपणच आधी कबूल केला की ऐकणाऱ्याच्या मनातील अढी सैल होते. मराठीतही ‘लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, पण’ असे म्हणून बोलणारा माणूस अधिक ऐकला जातो. रजा मागताना, पगाराविषयी बोलताना किंवा आपल्या गावच्या पिकाची प्रशंसा करताना हे वाक्य परदेशी तरुणाच्या तोंडून निघाले, तर समोरचा जपानी माणूस आदराने पाहील यात शंका नाही.

येथे एका जवळच्या शब्दाशी गल्लत होण्याचा संभव आहे. ‘तेमाए-मिसो’ म्हणजे घरचे मिसो. मिसो हे सोयाबीन आंबवून केलेले वाटण जपानी स्वयंपाकात नित्य लागते आणि पूर्वी ते घरोघरी तयार होई. आमच्या घरच्यासारखे कोठे नाही, असे जो तो म्हणे. त्यावरून हा शब्द आत्मस्तुतीस लागू झाला. आपली टिमकी आपण वाजविणे ते ‘तेमाए-मिसो’; दुसऱ्याच्या वाट्याचे वळवून घेणे ते ‘गादेन-इन्सुइ’. पहिल्यात कोणाचे नुकसान होत नाही, दुसऱ्यात होते.

पाण्याचे इतर जपानी प्रयोगही मराठी विद्यार्थ्यास कधी साथ देतात, कधी फसवितात. ‘युमिझु नो यो नि त्सुकाउ’ म्हणजे पाण्यासारखा पैसा खर्च करणे. येथे दोन्ही भाषा एकमताने बोलतात. ‘मिझु नि नागासु’ म्हणजे पाण्यात सोडून देणे. मराठी मनास चटकन ‘पैसे पाण्यात गेले’ आठवते. परंतु जपानी अर्थ झाले गेले गंगेला मिळाले, असा क्षमेचा आहे. ‘मिझु ओ सासु’ म्हणजे पाणी ओतणे, अर्थात रंगात आलेल्या गोष्टीचा विरस करणे. आपण तेथे पाणी ओतीत नाही, विरजण घालतो. आणि ‘पाण्यात पाहणे’ याला जपानीत पाण्याचा प्रयोग शोधू नये. द्वेष दाखविण्यास त्या भाषेचे मार्ग वेगळे आहेत.

अशा तौलनिक अभ्यासास विद्वानांची मान्यता आहे. तोक्यो येथील राष्ट्रीय जपानी भाषा व भाषाविज्ञान संस्थेत काम केलेले मराठी भाषक अभ्यासक डॉ. प्रशांत परदेशी यांनी जपानी व मराठी क्रियापदांचा तुलनात्मक विचार केला आहे. मार खाणे, शिव्या खाणे, पैसे खाणे यांसारख्या ‘खाणे’च्या प्रयोगांचा आशियातील भाषांमध्ये कसा प्रसार आहे, हा त्यांच्या संशोधनाचा एक विषय. जपानी माणूसही ‘जिकान ओ कुउ’ असे म्हणतो, म्हणजे वेळ खातो. ‘कोगोतो ओ कुउ’ असे म्हणतो, म्हणजे बोलणी खातो. इंग्रजीच्या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्यास हे दोन प्रयोग पाठ करावे लागतात. मराठीच्या वाटेने जाणाऱ्यास ते ऐकताक्षणी कळतात.

शिक्षकांनी हा पाठ घेताना प्रथम चार अक्षरे फळ्यावर काढावीत, त्यांचे सुटे अर्थ द्यावेत व एकत्र अर्थ मुलांनाच विचारावा. बहुतेक मुले ‘शेतास पाणी देणे, चांगली गोष्ट’ असे उत्तर देतील. ते लगेच खोडू नये. एकाखाली एक अशा तीन खाचरांची आकृती काढावी, तीन मुलांस एकेक खाचर वाटून द्यावे आणि पाट वरच्या मुलाच्या हाती ठेवावा. भांडण आपोआप सुरू होते, आणि तिसऱ्या खाचराचा मालक शब्दाचा अर्थ न सांगता सांगून टाकतो.

त्यानंतर दोन प्रसंग विचारासाठी द्यावेत. ग्रामसभेत एक सदस्य आकडेवारी देऊन नवी कूपनलिका आपल्या गल्लीतच का हवी, हे सिद्ध करतो. त्याचे आकडे खरे आहेत. याला ‘गादेन-इन्सुइ’ म्हणावे काय? येथे मुलांत मतभेद होतील व ते होऊ द्यावेत. आकडे खरे असूनही निवड सोयीची असू शकते, हे वादातून पुढे आले म्हणजे पाठाचे काम झाले. दुसरा प्रसंग परदेशातील आहे. जपानी शेतावर कामास गेलेल्या तरुणास सकाळी मालक म्हणतो, ‘ता नि मिझु ओ हिइते कुदासाइ’. तरुणाने वरील पाठ शिकलेला आहे. शब्द तेच, शेत, पाणी, ओढणे. आपल्यावर स्वार्थाचा आरोप झाला असे त्याने समजावे काय? नाही. या वाक्यात ‘माझे’ असे सांगणारा शब्द नाही आणि चार अक्षरांची ती मोटही नाही. ही शेतकऱ्याची साधी, रोजची सूचना आहे : खाचरात पाणी सोड. त्याने फावडे उचलून पाटाकडे निघावे.